व्हिलेमचा श्वास

हेडविका श्रामकोव्हाच्या वाट्याला व्हायोला आला तो तिच्या हातांमुळे. ब्रनोच्या संगीतशाळेत ती आली होती व्हायोलिन शिकायला. होदोनीनकडच्या खेड्यातली पोरगी, दोन घट्ट वेण्या, आणि पंजे मात्र गवंड्याचे. पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी तिचा डावा हात टेबलावर पसरून पाहिला आणि शेजारच्या वर्गातल्या मास्तरांना हाक मारून सांगितलं की ही तुमची. ते मास्तर व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य शिकवायचे आणि त्या वर्षी त्यांच्याकडे एकही विद्यार्थी फिरकला नव्हता. हेडा वसतिगृहाच्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडली. घरी कळवलं, तर तिकडे बापाला आनंदाचं भरतं आलं.

बाप गावच्या ताफ्यात कोंत्राश होता. लग्नाला, जत्रेला, द्राक्षं उतरली की त्या सणाला हा ताफा वाजवायचा. पुढे प्रिमाश, म्हणजे चाल वाजवणारा व्हायोलिनवाला, टोपीत पीस खोचून मिरवणारा. त्याच्या पाठीशी कोंत्राश, व्हायोलावर नुसता ठेका आणि सुरांचा भराव धरून उभा. मुली बघायच्या त्या प्रिमाशकडे. पण प्रिमाश पिऊन तर्र झाला तरी नाच थांबत नसे, तो या मागच्या माणसामुळे. बापानं हेडाला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं की प्रिमाशच्या हाताकडे बघत बसायचं नाही, त्याचा श्वास ऐकायचा. श्वास कळला की गज कधी पडणार हे आपोआप कळतं.

हे शिक्षण तिला जन्मभर पुरलं. संगीतशाळा संपल्यावर ती ऑपेराच्या वाद्यवृंदात लागली, रंगमंचापुढच्या खड्ड्यात, व्हायोलांच्या अगदी शेवटच्या बाकावर, जिथून गाणारी माणसं दिसत नाहीत, फक्त त्यांचे बूट दिसतात. तिथून सरकत सरकत पहिल्या बाकापर्यंत यायला तिला अर्धी नोकरी लागली. व्हायोलावाल्यांची टिंगल करणं हा आमच्याकडच्या सगळ्या वाद्यवृंदांचा जुना धर्म आहे. ट्रॉम्बोनवाला रोज कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा की व्हायोलावाले वेळेवर कुठे येतात, आणि स्वतःच उत्तर द्यायचा, इथे, सुपाला. हेडा चमचा न थांबवता म्हणायची की आम्ही उशीर करत नाही, तुमचं ऐकून जरा विचारात पडतो, यावं की नाही.

व्हिलेम हानाक त्याच वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनांत होता. उंच, वाकलेला, लहानपणी गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळताना नाक मोडून घेतलेला. त्यानं एक चौकडी जमवली होती. पहिलं व्हायोलिन तो स्वतः, दुसरं ओतो फियाला, आणि चेलोवर, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायच्या मोठ्या वाद्यावर, मेतोदेय. व्हायोलावाला त्यांना सोडून सरहद्दीपलीकडे व्हिएन्नाला पळाला होता आणि तेव्हाच्या राजवटीत त्याबद्दल मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. एका मध्यंतरात व्हिलेम हेडाच्या बाकापाशी येऊन उभा राहिला.

"तुला मंगळवारी वेळ असतो का?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"आमच्यात ये. बाकीचे नुसते वाजवतात. तू ऐकतेस."

एवढ्यावर ती गेली, आणि वीसेक वर्षं जात राहिली. चौकडीत पहिलं व्हायोलिन आणि व्हायोला कमानीच्या दोन टोकांना, समोरासमोर बसतात. नवराबायकोही एकमेकांकडे इतकं बघत नसतील. व्हिलेम सुरुवातीची खूण म्हणून डोकं हलवत नसे, गज उचलत नसे. तो नाकानं श्वास ओढायचा, सूं करून, आणि मोडक्या नाकात त्याची बारीक शिट्टी व्हायची. त्या शिट्टीच्या टोकाला चौघांचे गज एकदम तारेवर पडायचे. प्रागचे, लाइप्झिगचे लोक मैफल संपल्यावर येऊन विचारायचे की तुम्ही सुरू कसं करता, काही दिसत तर नाही. व्हिलेम नाकाकडे बोट दाखवायचा आणि लोकांना वाटायचं की गंमत करतोय.

गावानं त्या दोघांबद्दल बोलायचं ते बोलून घेतलं. तसं काही नव्हतं. हेडाचा नवरा दुग्धशाळेत होता, शहाणा माणूस. एकदा जेवताना तो शांतपणे म्हणाला की तू त्या माणसाचा श्वास अंधारात ओळखशील, माझा नाही ओळखणार. हेडानं खूप आठवून पाहिलं आणि तिला तो खरंच आठवेना. पुढे ते भांडणतंटा न करता वेगळे झाले. प्रेम म्हणावं तर व्हिलेमचा हातही तिनं कधी धरला नव्हता. पण तिच्या आयुष्यातला प्रत्येक चांगला क्षण त्या नाकाच्या शिट्टीनंतर सुरू झाला होता, आणि हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

शेवटची काही वर्षं व्हिलेमची छाती बिघडली. जिने चढताना तो मधेच थांबून खिडकीतून बाहेर बघायचा, जणू काही दिसलं म्हणून. वाजवणं मात्र सुटलं नाही. मग एका वसंतात, गावाबाहेरच्या बागेत जर्दाळूच्या फांदीला कलम बांधता बांधता तो खाली बसला, आणि उठला नाही.

त्याच्या बायकोनं, हर्मिनानं, एकच गोष्ट मागितली. निरोपाच्या वेळी चौकडीनं वाजवावं, आणि पहिल्या खुर्चीत दुसरं कुणी बसवू नये. तेव्हा दहनगृहाच्या सभागृहात तिघंच बसले, चौथी खुर्ची रिकामी ठेवून. व्हिलेमला आवडणारा संथ भाग त्यांनी वाजवला, चाल वगळून. ज्यांना ती चाल पाठ होती त्यांना ती ऐकू येत होती, ज्यांना नव्हती त्यांना नुसता भराव ऐकू येत होता, आणि रडत दोघेही होते. पण सुरू होण्याआधीची गोष्ट हेडा कुणाला बोलली नाही. मेतोदेयनं ओतोकडे पाहिलं, ओतोनं हेडाकडे, कुणी खूण द्यायची हे ठरवायचंच राहून गेलं होतं. आणि त्या शांततेत, रिकाम्या खुर्चीच्या दिशेनं, सूं करून शिट्टी वाजली. तिघांचे गज एकदम पडले.

बाहेर आल्यावर ओतोनं हातरुमालानं मान पुसली. "सुरुवात कशी जमली गं आपल्याला?" त्यानं विचारलं. हेडा म्हणाली, सवयीनं.

चौकडी मोडायची नाही हे मेतोदेयनं ठरवलं. प्रागहून व्हीत कादेरा आला, तिशीही न गाठलेला, स्वच्छ हाताचा, नम्र. तो हेडाला हेडविकाबाई म्हणायचा आणि तिची पेटी उचलायला धावायचा. प्रागच्या शाळेतल्या पद्धतीप्रमाणे तो खूण द्यायचा ती व्हायोलिनचं डोकं जरासं वर करून. श्वासाचा आवाज काढणं तिथे अडाणीपणाचं समजतात. सराव पूर्वीसारखाच मेतोदेयच्या घरी, शहराच्या झिडेनित्से भागात, स्वयंपाकघरातून खसखशीच्या पोळ्यांचा वास येत असलेला. पहिल्याच मंगळवारी व्हीतचं व्हायोलिन वर जाण्याआधी ती शिट्टी हेडाच्या कानात वाजली आणि तिचा गज तारेवर पडला. पाठोपाठ ओतोचा आणि मेतोदेयचा. व्हीत तसाच राहिला.

"माफ करा, माझं चुकलं," तो म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

उन्हाळा गेला तरी हे सुटेना. दर वेळी हेडा व्हीतच्या आधी, आणि बाकीचे दोघे तिच्या मागे फरफटत. ओतो मधे पडून विनोद करायचा की आयुष्यभर व्हायोलावाले उशिरा येतात म्हणून बोंब मारली, आता एक लवकर येतेय तर तेही चालेना. मेतोदेय हसत नसे. तो धिप्पाड, कडक माणूस, चौकडीवर बायकोपेक्षा जास्त जीव असलेला. एका सरावाला त्यानं चेलो आडवा ठेवला आणि सरळच विचारलं.

"हेडा, तू कुणाबरोबर वाजवतेस?"

तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "व्हिलेमबरोबर," ती म्हणाली. "त्याचा श्वास मला ऐकू येतो. अजून."

व्हीत खाली बघून गजाचे केस पुसत राहिला. मेतोदेय म्हणाला, "मेलेल्या माणसाला मी पहिलं व्हायोलिन देऊ शकत नाही. हिवाळ्यात रेडिओचं रेकॉर्डिंग आहे. तोवर व्हीतच्या मागून यायला शीक. नाहीतर मी झोराला विचारणार आहे."

झोरा ऑपेरात हेडाच्याच मागच्या बाकावर बसायची. चांगली वाजवायची, आणि हेडानंच तिला तयार केलं होतं. हेडाला त्या संध्याकाळी ट्राममध्ये उभ्या उभ्या धडकी भरली. ऑपेरातली नोकरी संपत आली होती. ही खुर्ची गेली की उरणार होतं ते स्वयंपाकघर आणि भिंतीवरचं घड्याळ. पण त्याहून वाईट विचार तिला मागून सुचला. खुर्ची राखायची तर तो आवाज थांबायला हवा होता, आणि तो थांबावा असं तिला मनापासून वाटत नव्हतं. त्याच्याशिवाय व्हिलेमचं तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

तरी तिनं प्रयत्न केले. मृतांच्या दिवशी सगळं गाव मेणबत्त्या घेऊन कबरींवर गेलं तेव्हा तीही शेवंतीची फुलं घेऊन, व्हिलेमच्या राखेचा कलश पुरला होता तिथे गेली. हर्मिना येऊन गेली होती. दगड घासलेला होता. हेडानं मेणबत्ती पेटवली आणि हळू आवाजात त्याला सांगितलं की आता पुरे कर, मला घालवायला निघालेत. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांशी असंच पुटपुटत होते, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती घरी एकटीच सरावाला बसली, व्हायोला हनुवटीखाली घेतला, आणि पहिल्या सुराआधी खोलीत शिट्टी वाजली.

मग तिनं कानात कापसाचे बोळे घातले. सरावाला तसंच जायचं, ऐकायचंच नाही, फक्त व्हीतच्या व्हायोलिनकडे डोळे लावायचे असं ठरवलं. त्या दिवशी तिची खरी घाबरगुंडी उडाली. बोळ्यांमुळे ओतो दूर गेला, मेतोदेयचा चेलो भिंतीपलीकडे गेल्यासारखा झाला, व्हीतचं बोलणं तर कळेचना. आणि शिट्टी मोठी झाली. ती समोरून येत नव्हती, डोक्याच्या आतून येत होती. हेडानं बोळे काढून खिशात टाकले आणि पाणी मागितलं. मेतोदेयच्या बायकोनं पाणी दिलं, वर प्लमच्या दारूचा लहान पेला दिला, आणि तिच्याकडे एकदा बघून दुसराही भरला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बर्फ पडून गेलेलं होतं. रेडिओच्या स्टुडिओत काचेपलीकडे श्टेपांका बसली होती. व्हिलेमच्या चौकडीची सगळी रेकॉर्डिंगं तिनंच केलेली. जाड चष्मा, तोंडात कायम काहीतरी, आणि बोलणं फटकळ. ती गेले सहा महिने सांधेदुखीमुळे औषधी झऱ्यांच्या स्नानगावी होती, त्यामुळे नव्या चौकडीला पहिल्यांदाच बघत होती. व्हीतशी तिनं हात मिळवला, तारा सरळ केल्या, माइक पुढेमागे केले आणि लाल दिवा लावला.

व्हीतनं व्हायोलिन वर उचललं. त्याच्या आधी शिट्टी वाजली, गज पडले, आणि चार मात्राही झाल्या नसतील तोच छतावरच्या स्पीकरमधून श्टेपांकाचा वैतागलेला आवाज आला.

"व्हिलेम, नाक."

वर्षानुवर्षं ती हे असंच म्हणत आली होती. बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच कळलं असावं, कारण स्पीकर खरखरला आणि बंद झाला. ओतोनं छातीवर क्रुसाची खूण केली. हेडाला मात्र विचित्र आनंद झाला. तो फक्त तिच्याच डोक्यात नव्हता. काचेपलीकडच्या बाईलाही ऐकू आला होता, यंत्राला ऐकू आला होता.

सगळे आत गेले. श्टेपांकानं टेप मागे घेतली आणि लावली. सूं, बारीक शिट्टी, मग चार वाद्यं. दोनदा ऐकलं. व्हीत भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला की देवाशपथ, हा मी नाही.

"तू नाहीस हे मलाही कळतंय," श्टेपांका म्हणाली. तिनं दोन स्पीकरांपैकी डावा बंद केला. डावीकडे पहिलं व्हायोलिन, उजवीकडे व्हायोला, अशी त्यांची बसायची बाजू. शिट्टी उजव्या स्पीकरमधून स्वच्छ आली. मग तिनं उजवा बंद करून डावा चालू केला. तिथे श्वास नव्हता.

"हेडा, तुझं नाक आहे ते," ती म्हणाली.

हेडा हसली. तिला वाटलं, या बाईला काही कळत नाही. तिचं नाक सरळ होतं, कधी मोडलं नव्हतं. ती म्हणाली की असं कसं होईल, हा त्याचा आवाज आहे, मी वीस वर्षं ऐकलाय. श्टेपांकानं वाद घातला नाही. ती कपाटापाशी गेली आणि जुन्या टेपा काढून आणल्या. पहिली लावली ती खूप आधीची: शिट्टी डावीकडून, व्हिलेमच्या खुर्चीतून. दुसरी काही वर्षांनंतरची: दोन्हीकडून, दोन शिट्ट्या, एकीत एक मिसळलेल्या. तिसरी शेवटच्या वर्षाची, व्हिलेमची छाती बिघडल्यानंतरची. शिट्टी फक्त उजवीकडून आली. डाव्या बाजूला व्हायोलिन होतं, आणि त्याआधी काहीच नव्हतं.

"त्याला दम उरला नव्हता," श्टेपांका म्हणाली. "शेवटी शेवटी तो तुझ्या श्वासावर सुरू करायचा. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मी आपली सवयीनं 'व्हिलेम, नाक' ओरडायचे, आणि तो हात वर करून माफी मागायचा."

"माफी?" हेडानं विचारलं.

"दर वेळी. म्हणायचा, माझंच नाक."

हेडा तिथल्या स्टुलावर बसली. तो हात तिला आठवला. गज धरलेला उजवा हात जरासा वर, आणि काचेकडे बघून ओशाळलेलं हसू. त्यानं ते कुणासाठी केलं, स्वतःची लाज झाकायला की तिची, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. तिला फक्त एवढं समजत होतं की ती ज्याच्या मागून चालत होती तो पुढे नव्हताच. दहनगृहात रिकाम्या खुर्चीतून कुणी श्वास घेतला नव्हता. कबरीवर जाऊन तिनं जो आवाज बंद कर म्हणून सांगितलं तो तिचा स्वतःचाच होता. तिला रडूही येईना.

मेतोदेयनं घसा खाकरला. काम तर व्हायलाच हवं होतं, स्टुडिओ दुपारपर्यंतच मिळाला होता. तो म्हणाला की आता कळलंय तर सोपं आहे, हेडानं सुरू होताना श्वास रोखून धरावा. सगळे आत जाऊन बसले. लाल दिवा लागला. हेडानं तोंड मिटलं, श्वास छातीत कोंडला आणि व्हीतच्या व्हायोलिनकडे पाहिलं. ते वर गेलं. खोलीत कसलाही आवाज झाला नाही. तिचा गज व्हीतबरोबर पडला, अगदी अचूक, पण ओतो मागे राहिला आणि मेतोदेय त्याच्याही मागे. दुसऱ्यांदा केलं, तर मेतोदेय एकटाच आधी. तिसऱ्यांदा चौघं चार ठिकाणी. ते एवढं वाईट होतं की शाळेतल्या पोरांनीही मान खाली घातली असती.

व्हीतनं व्हायोलिन मांडीवर ठेवलं. तो भिडस्त, पण तेव्हा बोलला. "खरं सांगू का? मलाही आता त्याच्याशिवाय सुरू करता येत नाही."

ओतोनं होकारार्थी मान हलवली. मेतोदेय चेलोच्या मानेवर हात ठेवून बसून होता. झोराचं नाव त्यानं त्या दिवशीही काढलं नाही आणि नंतरही कधी काढलं नाही. थोड्या वेळानं त्यानं काचेकडे पाहून श्टेपांकाला हात केला की जे उमटेल ते उमटू दे. मग तो हेडाकडे वळला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"श्वास घे, हेडा."

तिला घ्यायचा नव्हता. घेतला की तो तिचा होणार होता, आणि तिचा झाला की समोर कुणी उरणार नव्हतं. तिघंही गज तारेवर धरून तिच्याकडे बघत थांबले होते. लाल दिवा लागलेला होता. शेवटी तिनं नाकानं श्वास ओढला. बारीक शिट्टी वाजली, तिच्या स्वतःच्या नाकात, आणि चौघं एकदम सुरू झाले. समोरच्या खुर्चीत एक तरुण पोरगा मन लावून वाजवत होता. हेडानं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि व्हिलेम गेला हे तिला त्या दिवशी कळलं.